वल्हांडणाच्या चौकटीत पावाचा फोटो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत ज्यूंच्या वल्हांडण सणावर छोटी चौकट आली, त्याबद्दल आधी आभार. महाराष्ट्रात आम्ही उरलो थोडे, त्यामुळे कुणी आठवण काढली की बरं वाटतं. पण चौकटीत फोटो होता तो वेणीसारख्या विणलेल्या, वर तीळ पेरलेल्या गुबगुबीत पावाचा आणि खाली कृती रव्याच्या केकची. आषाढी एकादशीच्या पानावर कोंबडीवड्यांचा फोटो यावा, तसं झालं हे. तो पाव शुक्रवारी रात्री शब्बाथला, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस सुरू होतो तेव्हा, खायचा असतो. वल्हांडणाच्या आठ दिवसांत पाव, पोळी, रवा, मैदा, शेवया, बिस्किटं यातलं काहीही आम्ही खात नाही. नुसतं खात नाही असं नाही, ते घरात ठेवतही नाही. गहू, जव किंवा ओटच्या पिठाला पाणी लागून ते फुगलं, की त्याला आम्ही हामेस म्हणतो. सगळा सण या हामेसला घराबाहेर काढण्याचा आहे.

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, राहणार ठाण्याची. टेंभी नाक्याजवळचं १८७९ सालचं शार हाशामाइम सिनेगॉग हे आमचं प्रार्थनास्थळ. माहेर अलिबागचं, इस्रायल आळीतलं. घरी मराठीच बोलतो, आडनावंही पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी गावांवरूनच. एवढं सांगते, कारण आपल्या चौकटीत ‘परदेशी सण’ असंही म्हटलं होतं. सण मिसर देशातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामीतून सुटकेचा आहे, हे खरं. पण त्याची तयारी माझ्या घरी कशी होते ते वाचा आणि त्यात परदेशी काय ते सांगा.

वल्हांडणाच्या महिनाभर आधी आमचा पुरीम सण येतो, त्याला आमच्याकडे पुरणपोळी असते. यंदा पुरीम आणि होळी बरोबरच आले, त्यामुळे इमारतीत सगळ्यांच्या घरी एकच वास. त्या दिवसापासून मी गव्हाचा डबा भरणं बंद करते. घरात आहे ते संपवायचं. मग रोज उपमा, शिरा, शेवयांची खीर. आमचे हे म्हणतात, सुटकेच्या कथेत मिसरवर दहा पीडा आल्या, अकरावी उपम्याची. माल्ट घातलेली दुधातली पावडर, कॉर्नफ्लेक्स, सोया सॉस, सगळं पाहून पाहून बाहेर काढायचं. नातवाचे खिसे आणि दप्तर उलटं करून झटकायचं. सोफ्याच्या फटीत दर वर्षी बिस्किटाचा चुरा सापडतोच.

या दिवसांत सगळ्यात वेळ खातो तो तांदूळ. युरोपातल्या ज्यूंमध्ये वल्हांडणाला भातही खात नाहीत, आम्ही खातो. कोकणच्या माणसाचं आठ दिवस भाताशिवाय कसं भागणार? पण तो तांदूळ निवडून घ्यावा लागतो, तोही एकदा नाही, तीनदा. दुकानात गहू आणि तांदूळ एकाच मापाने मोजतात, त्यामुळे एखादा गव्हाचा दाणा येतोच. मी खिडकीपाशी बसते, मांडीवर काळ्या कापडाचा तुकडा पसरते आणि त्यावर मूठभर तांदूळ घेते. पांढऱ्या स्टीलच्या ताटात गहू चटकन दिसत नाही, काळ्यावर दिसतो. बोटाने एकेक ओळ सरकवायची. दुसऱ्या खेपेला काही सापडलं नाही, की हात आपोआप भरभर चालायला लागतो आणि नेमका तिसऱ्या खेपेला गहू निघतो. माझी आई म्हणायची, तांदूळ निवडताना गप्पा मारायच्या नाहीत. आमच्या घरात हे कधी कुणाला जमलेलं नाही.

मग तो धुऊन, सावलीत वाळवून भाकरीसाठी दळायचा. पूर्वी घरात जातं होतं. गिरणीत न्यायचं तर तिथे सकाळपासून गहू दळलेला असतो. आमच्या नाक्यावरचे गिरणीवाले दादा उपवासाची भगर-राजगिरा ज्या दिवशी दळतात, त्या दिवशी मला निरोप पाठवतात. तरीही पहिलं पायलीभर पीठ मी घेत नाही, ते त्यांनाच ठेवायला सांगते. गेल्या काही वर्षांत मिक्सरचं वेगळं भांडं घेतलं आहे. ते वर्षभर माळ्यावर असतं आणि एरवी त्याला कुणी हात लावायचा नाही.

मसाल्याचंही तसंच. लालबागच्या मिरची गल्लीतून अख्खी मिरची, धणे, हळकुंडं आणायची. दळलेलं काही घेत नाही. आता याच दिवसांत आमच्या गच्चीवर सगळ्या इमारतीची उन्हाळी कामं चालतात. शेजारच्या वहिनींच्या गव्हाच्या कुरडया एका टोकाला, माझ्या मिरच्या दुसऱ्या टोकाला. वारा त्यांच्याकडून माझ्याकडे वाहायला लागला, की मी मिरच्या उचलते. पहिल्या वर्षी त्यांना वाटलं, मी शिवाशिव पाळते. नीट समजावल्यावर आता त्याच मला वरून हाक मारतात, ‘ताई, वारा फिरला बरं का.’ यंदा आमच्या सणाचा पहिला दिवस आणि हनुमान जयंती, दोन्ही २ एप्रिललाच. त्यांनी आपणहून विचारलं, प्रसादाला रव्याचा शिरा केला तर तुम्हाला चालायचा नाही, मग केळी पाठवू का?

भांड्यांना पूर्वी कल्हई व्हायची. अलिबागला पेसाहच्या, म्हणजे वल्हांडणाच्या, आधी कल्हईवाला आळीतच भट्टी लावून बसायचा. नवसागराचा तो धूर नाकात गेला की आम्हा पोरांना सण आल्यासारखं वाटे. भिंतींना चुना त्याच्या आधीच झालेला असे. आमचे जुने लोक या सणाला ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणत (ढाकणं म्हणजे झाकणं), कारण वर्षभर कालवणाला वापरायचं आंबटाचं मडकं या आठ दिवसांत झाकून ठेवायचं. आता ना मडकं, ना कल्हईवाला. स्टील उकळत्या पाण्यातून काढलं की झालं. खरं सांगायचं तर स्टील घासायला सोपं, मला कल्हईचं फार दुःख नाही.

शेवटच्या आठवड्यात खजुराचा शीरा. हा रव्याचा नव्हे, पाकासारखा काळाभोर. बिया काढलेला खजूर शिजवायचा, मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यायचा आणि तो रस मंद आचेवर आटवायचा. सेदरच्या, म्हणजे सणाच्या पहिल्या जेवणाच्या विधीच्या, रात्री त्यात अक्रोडाची पूड घालतो. आमचे पूर्वज मिसरात गुलाम असताना मातीच्या विटा घालत, त्या चिखलाची ही खूण. काळ्या मनुका भिजवून केलेलं शरबत आशीर्वादाच्या पेल्यांसाठी. बेखमीर भाकर, म्हणजे मत्सा, आता खोक्यातून येते. ती भाजायची तर पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत भट्टीबाहेर निघायला हवी, घरी कोण करणार? माझी नणंद इस्रायलमध्ये अश्दोदला असते. तिथे सुपरमार्केटवालेच हामेसच्या फळ्यांवर कापड ओढतात. व्हिडिओ कॉलवर मला विचारते, ‘वहिनी, अजून तांदूळ निवडतेस?’ विचारताना हसते, पण फोन ठेवत नाही, निवडून होईपर्यंत बसते.

३१ मार्चच्या रात्री मेणबत्ती घेऊन घरभर शेवटचा शोध. त्यासाठी पावाचे दहा तुकडे आधी मुद्दाम लपवायचे असतात. ते काम नातवाचं, आणि कुठे लपवले हे त्याला आठवतच नाही, म्हणून मी हल्ली कागदावर लिहून घ्यायला लावते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आवारात पत्र्याच्या डब्यात जाळायचे. नवा वॉचमन असला की धावत येतो.

आता दोन विनंत्या. एक, आपल्यासाठी. फोटो हवाच असेल तर १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापलेल्या हग्गादातलं चित्र छापा. वल्हांडणाच्या रात्री वाचायचं हे पुस्तक. त्यात आपल्याकडच्या साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताहेत.

दुसरी, हिंग बनवणाऱ्यांसाठी, आपल्या पत्राद्वारे. बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं आणि डबीवर ते मुंगीच्या अक्षरात, तेही फक्त इंग्रजीत लिहिलेलं असतं. मी आठ दिवस हिंगाशिवाय फोडणी करू शकते. पण माझ्या मैत्रिणीच्या सुनेला गव्हाचा त्रास आहे, तिला बाराही महिने डबी उजेडात धरून वाचावी लागते. ‘यात गहू आहे’ हे तीन शब्द ठळक मराठीत छापायला कितीशी शाई लागेल?

पुढल्या वर्षी चौकट छापण्याआधी सिनेगॉगमध्ये कुणालाही विचारा, आनंदाने सांगतील. फक्त सणाच्या आधीच्या आठवड्यात फोन करू नका, कुणी उचलणार नाही.

आपली नियमित वाचक,
एक गृहिणी, ठाणे