कळसूबाईला कशाला चढायचं?

महोदय,

डोंगर का चढता, असं विचारल्यावर ‘तो तिथे आहे म्हणून’ हे एव्हरेस्टचा ध्यास घेतलेल्या ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरीचं १९२३ सालचं उत्तर ट्रेकर मंडळी हमखास ऐकवतात. मला ते कधी पटलं नाही. आमच्या सोसायटीची पाण्याची टाकीसुद्धा तिथेच आहे, तिच्यावर कोण चढतं?

गेल्या नवरात्रात साठी ओलांडल्यावर बारी गावातून कळसूबाई (१६४६ मीटर) चढलो. लोखंडी शिडीचा गार, ओला कठडा दोन्ही हातांनी धरून, धुक्यात धापा टाकत उभा होतो. मागून एक आजी अनवाणी आल्या. ओटीचं सामान पदराखाली, नारळ काखेत. “दम लागला का दादा? बसा घडीभर, आई कुठं पळून चालली?” म्हणाल्या आणि पुढे गेल्यासुद्धा. त्यांच्यासाठी ते महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर नव्हतंच, देवीचं ठाणं होतं. माथ्यावरच्या इवल्याशा देवळापाशी तरुण पोरं सेल्फीत दंग होती. तीही त्याच शिड्यांवर घाम गाळून आलेली, म्हणून राग आला नाही.

उतरताना गुडघ्यांनी चांगलाच हिसका दाखवला. बायकोला अजून सांगितलेलं नाही, पुढच्या महिन्यात हरिश्चंद्रगडाला जायचंय.

— एक ज्येष्ठ वाचक, नाशिक