पोलंडचे माजी सैनिक आणि सत्ता

कोल्हापूर

प्रिय दिनकर,
सप्रेम नमस्कार.

पेन्शन आणि अपंगांसाठी मदत मागणाऱ्या माजी सैनिकांच्या संघटना राजकारणात कशा शिरतात, असे तू विचारले होतेस. पोलंडमध्ये त्यांना शिरावे लागलेच नाही. तेथे सैनिक आधी उभे राहिले आणि १९१८ साली राज्य नंतर आले. त्यामुळे ‘हे राज्य आम्ही मिळवले’ या भावनेपुढे मतपेटीचा मान आरंभापासूनच उणा होता.

मात्र हे ‘आम्ही’ एक नव्हते. सेनानी युझेफ पिलसुत्स्कीच्या लीजनचे, म्हणजे पोलिश स्वयंसेवक पलटणींचे, लोक पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या बाजूने लढले आणि १९१७ मध्ये निष्ठेची शपथ नाकारून त्यांतले बरेच जण छावण्यांत डांबले गेले. जनरल हालरची सेना फ्रान्समध्ये उभारली गेली, आणि तिच्या माजी सैनिकांची संघटना उजव्या राष्ट्रवाद्यांकडे झुकली. डिसेंबर १९२२ मध्ये नारुतोविच राष्ट्राध्यक्ष निवडून आले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध उसळलेल्या वॉर्सातील जमावापुढे हालरने भाषण केले. आठवड्याभरात नारुतोविच यांची हत्या झाली. कोण कोणत्या सेनेत होता, यावरून त्याचा पक्ष ओळखावा, अशी ती स्थिती होती.

१९२३ मध्ये पिलसुत्स्की पदे सोडून वॉर्साजवळच्या सुलेयुवेक गावी जाऊन बसला, पण लीजनच्या माजी सैनिकांचे मेळावे त्याच्या हाती राहिले. ६ ऑगस्ट १९१४ रोजी क्राकूफहून निघालेल्या पहिल्या तुकडीची आठवण म्हणून दर ऑगस्टमध्ये ते भरत, आणि तेथून तो सरकारवर कोरडे ओढी. मे १९२६ मध्ये त्याने बळाने सत्ता घेतली. पुढे निरनिराळ्या संघटनांचा एक महासंघ झाला. त्याचा प्रमुख जनरल गुरेत्स्की सरकारी बँकेचाही अध्यक्ष होता. माझ्या मते संघटनांचे मागणे तेथेच संपले आणि वाटणे सुरू झाले!

‘राज्य आम्ही मिळवले’ या विचाराचे टोक गाठले वालेरी स्लावेकने. लीजनच्या संघाचा आणि सरकारी आघाडीचाही तो नेता होता, आणि वैयक्तिक लोभ नसलेला माणूस होता, हे त्याचे विरोधकही मानीत. जानेवारी १९३४ मध्ये सेयमने, म्हणजे तेथील कनिष्ठ सभागृहाने, संमत केलेल्या राज्यघटनेच्या मसुद्यात सिनेटचे मतदार होते शौर्यपदक आणि स्वातंत्र्यपदक मिळालेले लोक. पदक म्हणजेच मताधिकार! गंमत अशी, की ही कल्पना खुद्द पिलसुत्स्कीला रुचली नाही आणि १९३५ च्या घटनेत ती त्या रूपात उरली नाही. त्याच वर्षी पिलसुत्स्की वारला, स्लावेकला सहकाऱ्यांनीच बाजूला सारले, आणि एप्रिल १९३९ मध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडली.

आता आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याविषयी, जेथे पोलिश निर्वासितांची छावणी होती. डिसेंबर १९२० च्या कायद्याने पूर्व सीमेवर सैनिकांना जमिनी दिल्या होत्या. सेवेचे हेच बक्षीस १० फेब्रुवारी १९४० रोजी अंगाशी आले: १९३९ मध्ये पूर्व पोलंड ताब्यात घेतलेल्या सोव्हिएत सरकारने त्या वसाहतकरी कुटुंबांना सायबेरियाकडे व उत्तरेकडे हद्दपार केले. त्यांतली काही इराणमार्गे १९४३ पासून वळिवड्याच्या छावणीत पोहोचली. तोवर पोलंडच्या परागंदा, म्हणजे परदेशातून चालणाऱ्या, सरकारची सूत्रे पिलसुत्स्कीच्या विरोधकांकडे गेली होती आणि हालर त्यात मंत्री झालेला होता.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
वसंत