बाबा, तुमच्या मिलोबद्दल

पुणे, रविवार

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. न.

परवा फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं. "अमेरिकेनं परदेशांची मदत बंद केली ते बरंच झालं, असल्या पैशानं कुणाचं भलं झालंय?" असं बाबा म्हणाले आणि मी गप्प बसले. ते मनातून जाईना, म्हणून लिहिते आहे.

बाबा, तुमचा राग कुठून येतो ते मला ठाऊक आहे. १९७२चा दुष्काळ, रेशनवरची अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. भाकरी थापताना तुटायची, घशाखाली उतरायची नाही. 'तिकडं हे गुरांना घालतात' असं कुणीतरी सांगितलं तेव्हा आजी ताटावरून उठली होती. मिलो फुकट नव्हती, पैसे मोजून घ्यायची. तरी तुम्हाला काय चालेल हे कुणी विचारलं नव्हतं.

कामानिमित्त फिरताना मलाही हेच दिसतं. गेल्या पावसाळ्यात भोरकडच्या एका वाडीत गेले होते. बाहेरच्या देणगीतून तिथं बिनधुराच्या चुली वाटलेल्या. एका घरी त्या चुलीत खुडूक कोंबडी बसवली होती. घरच्या काकू म्हणाल्या, "हिच्यात भाकरी आराला लावता येत नाही, मग करायचं काय?" कागदावर मात्र ती चूल 'वाटप पूर्ण'मध्ये जमा होती. मला फार वाईट वाटलं, कारण काकूंच्या डोळ्यांतलं धुराचं पाणी तसंच होतं.

तरीही सगळीच मदत वाया जाते हे मी मानणार नाही. मागे आलात तेव्हा हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट बाहेरून दाखवली होती, आठवतं? आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या, धुळीच्या दिवसांत मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराची साथ यायची. १९९६-९७च्या साथीत सुमारे अडीच लाख लोक आजारी पडले, २५ हजार गेले. वाचले त्यांतले कितीतरी बहिरे झाले. त्यावर नवी लस करायला गेट्स फाउंडेशननं पैसे दिले. 'पाथ' ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी काम हाती घेतलं. पण आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी आधीच बजावलं होतं, की डोसची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत बसली तरच आम्हाला परवडेल. त्या भावात लस बनवली ती आपल्या पुण्यातल्या याच सीरमनं. डिसेंबर २०१०मध्ये बुर्किना फासोत मोठी मोहीम सुरू झाली. पुढे ही लस चाळीस अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस बर्फाशिवाय ठेवायलाही परवानगी मिळाली. वीज नसलेल्या गावांसाठी ही केवढी मोठी गोष्ट! लस पोचली तिथं 'ए' प्रकारच्या जंतूची साथ जवळजवळ नाहीशी झाली.

बाबा, इथं भाव घेणाऱ्यांनी ठरवला होता. मिलोच्या वेळी तुम्हाला ती सोय नव्हती.

म्हणून १ जुलै २०२५ला यूएसएड, म्हणजे परदेशांना मदत देणारी अमेरिकी सरकारची संस्था, बंद झाली तेव्हा मला आनंद झाला नाही. अमेरिकेच्या पैशातून २००३पासून आफ्रिकेत एचआयव्हीच्या रुग्णांना औषधं मिळत आली. त्या वर्षी पैसे अडले आणि कितीतरी केंद्रांना कुलूप लागलं. आई, तुझ्या बीपीच्या गोळ्या दोन दिवस मिळाल्या नाहीत तर तुझा जीव कसा टांगणीला लागतो! या गोळ्याही रोजच्या. थांबल्या की विषाणू पुन्हा वाढतो, गरोदर बाईकडून बाळाला लागण होऊ शकते. यंत्रणेत चुका असतील तर त्या दुरुस्त करायच्या. गोळ्या कशाला थांबवायच्या?

गणपतीला येते आहे, तेव्हा सविस्तर बोलू. तोवर बाबा, एक आठवून ठेवा. दुष्काळी कामावर आजी खडी फोडायची, तिला मजुरी रोख मिळायची. त्यातून तिनं पहिल्यांदा काय विकत आणलं होतं?

तुमची,
माई