ते पांढरे ठिपके ओळखणाऱ्या रेडिओलॉजिस्ट मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
स. न. वि. वि.

पेशंट आभार मानतो तो औषध देणाऱ्याचे, नाहीतर ऑपरेशन करणाऱ्याचे. रिपोर्टखालची सही कुणाची, हे सहसा कुणी वाचत नाही. म्हणून हे पत्र.

ताईची कंबर दुखत होती म्हणून एक्स-रे काढला, तर खुब्याच्या हाडांत पांढरे ठिपकेच ठिपके. ‘कॅन्सर हाडांत पसरल्याची शक्यता तपासावी’ असा शेरा आला आणि बायोप्सीचं बोलणं सुरू झालं. घरात कुणी कुणाशी बोलेना.

तुम्ही फिल्म पाहिलीत आणि ताईला समोर बसवून विचारलंत: वजन घटलंय का, रात्री दुखतं का, त्वचेवर बारीक टणक गाठी आहेत का? मग हातांचे आणि गुडघ्यांचे साधे एक्स-रे सांगितलेत. तिथेही तेच! काही मिलिमीटरचे, गोल-लांबट, स्वच्छ कडांचे ठिपके, सांध्यांजवळ दाटलेले, डावीकडे-उजवीकडे जवळजवळ सारखे. कॅन्सर सहसा असा दोन्हीकडे समसमान पसरत नाही, त्याचा ओढा मणके-बरगड्यांकडे जास्त, हे तुम्ही फिल्मवर बोट ठेवून दाखवलंत. तरी खात्रीसाठी बोन स्कॅन केलात. हाडात जिथे उलाढाल चालू असते तिथे या स्कॅनसाठी टोचलेलं किरणोत्सारी औषध जास्त साठतं. ताईच्या ठिपक्यांच्या जागी काहीच उजळलं नाही.

ऑस्टिओपॉइकिलोसिस. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण आजार निरुपद्रवी: सच्छिद्र हाडात घट्ट हाडाची बेटं, बस्स. कंबरदुखीचा त्याच्याशी संबंध नव्हता. ती व्यायामाने कमी झाली. बायोप्सी टळली.

हा दोष बहुतेकदा एलईएमडी३ या जनुकातला, आईवडिलांकडून मुलांकडे येणारा, म्हणून तुम्ही भावंडांचे जुने एक्स-रे मागितलेत. माझं मनगट मोडलं होतं तेव्हाची फिल्म कपाटात सापडली. त्यातही ठिपके! तेव्हा सगळ्यांची नजर मोडलेल्या हाडावर. ठिपक्यांकडे कोण बघणार?

उद्या दुसरे कुणी डॉक्टर दचकू नयेत म्हणून तुम्ही रिपोर्टची प्रत कायम जवळ ठेवायला सांगितलीत. ताईने ती फाइलमध्ये सगळ्यात वर लावली आहे, माझ्या मोबाइलमध्येही फोटो आहे.

आपला कृतज्ञ,
ताईचा धाकटा भाऊ (आणि आता तुमचाही पेशंट)