आई, यंदाचा एमी इन्चार्ज सिस्टरला मिळाला

पिट्सबर्ग, पेन्सिल्व्हेनिया
१६ सप्टेंबर २०२५

ती. आईस साष्टांग नमस्कार.
दादा-वहिनींना नमस्कार. छकुलीला अनेक आशीर्वाद. नर्सिंग कॉलेजात गेली म्हणून काय झालं, माझ्यासाठी ती छकुलीच.

फोनवर हे सांगता आलं असतं, पण व्हिडिओ कॉल लावला की तुझा निम्मा वेळ मी जेवले का, काय जेवले आणि खोलीत हीटर चालतो का यातच जातो. हे मला तुला सलग सांगायचंय. दादाला याची प्रिंट काढून द्यायला सांग आणि चष्मा लावून तूच वाच.

परवा रविवारी रात्री इथे एमी पुरस्कार झाले. अमेरिकेतल्या टीव्हीचा हा सगळ्यात मोठा मान. १९४९ मध्ये सुरू झाले, यंदाचा ७७ वा सोहळा होता. लॉस एंजेलिसच्या पीकॉक थिएटरमधून थेट दाखवतात. आपण सगळे मिळून झी मराठीचे पुरस्कार बघायचो, तू आवडत्या सुनेला बक्षीस मिळावं म्हणून सोफ्याच्या काठावर येऊन बसायचीस, तसंच इथे घरोघरी चालतं. फरक एवढाच की सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट सून असले विभाग इथे नसतात. नटांना मतं नटच देतात, संकलकांना संकलक. पडद्यामागच्या लोकांचे पुरस्कार इतके असतात की त्यांच्यासाठी आठवडाभर आधी दोन वेगळ्या रात्री ठेवतात. मला ही पद्धत फार आवडली. ज्याला त्या कामातलं कळतं त्यानेच म्हणावं, हे काम चांगलं झालंय.

हॉस्पिटलमधली माझी ड्युटी संध्याकाळी सातला संपली. पुढच्या पाळीला हँडओव्हर देऊन घरी पोचेपर्यंत आठचा सोहळा सुरू झाला होता. युनिफॉर्मसुद्धा न बदलता टीव्ही लावला, कारण यंदा आमच्या सगळ्या डिपार्टमेंटचा जीव एका मालिकेत अडकला होता.

तिचं नाव ‘द पिट’. आमच्याच गावाची गोष्ट. पिट्सबर्गमधल्या एका काल्पनिक सरकारी-छापाच्या हॉस्पिटलची इमर्जन्सी, म्हणजे आपली कॅज्युअल्टी. आतला सेट कॅलिफोर्नियात बरबँकला उभारलाय, पण बाहेरून जी इमारत दिसते ती इथल्या नॉर्थ साइडची. मी बसने तिच्यासमोरून जाते. मालिकेची रचना अशी: सकाळी सातला ड्युटी सुरू होते आणि एकेक भाग म्हणजे त्या ड्युटीचा एकेक तास. पंधरा भाग, पंधरा तास, एकच दिवस. मागे संगीत जवळजवळ नाहीच. मॉनिटरची टिकटिक, ट्रॉलीची चाकं, कुणाचं तरी ओरडणं, बस. आपल्या मालिकांत कुणी चक्कर येऊन पडलं की तीन-तीनदा तोंड जवळून दाखवतात आणि ढोल वाजतात, तुला त्याचा किती राग यायचा! ही बघताना तुला तो राग येणार नाही.

तर ‘द पिट’ला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा पुरस्कार मिळाला. मुख्य डॉक्टरचं काम करणाऱ्या नोआ वायलीला सर्वोत्कृष्ट अभिनेता. नव्वदच्या दशकात ‘ईआर’ नावाची हॉस्पिटलचीच मालिका होती, त्यात तो शिकाऊ डॉक्टर होता. त्या कामासाठी त्याला पाच वेळा नामांकन मिळालं, एमी एकदाही नाही. आणि आता हा! कोविडच्या काळात डॉक्टर, नर्स, अ‍ॅम्ब्युलन्सवाले त्याला आपली व्यथा लिहून पाठवायचे, त्यातून ही मालिका करायचं त्याच्या मनात आलं. त्याची स्वतःची आई नर्स होती. पुरस्कार घेताना त्याने सांगितलं की आज रात्री जे कुणी ड्युटीवर निघालेत किंवा ड्युटी संपवून घरी येताहेत, हा त्यांच्यासाठी आहे. आई, मी त्याच युनिफॉर्ममध्ये बसले होते. रडू आवरेना.

पण पत्र त्याच्यासाठी लिहिलेलं नाही. कॅथरीन लनासासाठी लिहिलंय.

तिने यात डेना नावाच्या इन्चार्ज सिस्टरचं काम केलंय. सहाय्यक अभिनेत्रीचा एमी तिला मिळाला. तिचं हे पहिलंच नामांकन, वय ५८. तिच्यासमोर ‘द व्हाइट लोटस’ या गाजलेल्या मालिकेतल्या चार-चार नट्या होत्या, त्यामुळे नाव तिचं पुकारलं जाईल असं पैजेवर कुणी सांगितलं नसतं. पुकारलं गेलं आणि आमच्या ग्रुपवर एका मिनिटात इतके मेसेज आले की फोन हातात थरथरत होता. केरळची, फिलिपीन्सची, नायजेरियाची, इथली, सगळ्या सिस्टर्स जाग्या होत्या. मालिकेतही दोन फिलिपिनो सिस्टर्स आहेत, पेशंटसमोर आपापसात त्यांच्या टागालोग भाषेत बोलतात. आमच्याकडच्या दोघी त्यांना बघून लहान मुलींसारख्या खूश होतात.

आजवर टीव्हीवरच्या सिस्टरला आपण काय करताना बघितलं? ट्रे घेऊन येते, “डॉक्टर, पेशंट शुद्धीवर आला” म्हणते आणि निघून जाते. नाव नाही, घर नाही, पाय दुखत नाहीत. डेनाच्या हातात सगळी इमर्जन्सी आहे. कुठली खाट रिकामी होतेय, वर वॉर्डात जागा नाही म्हणून कोण किती तास कॉरिडॉरमध्ये पडलंय, कुठल्या नवख्या डॉक्टरला बाजूला घेऊन पाणी द्यायला हवं, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाला पेशंटच्या समाधानाचे गुण वाढवून हवेत, आणि खाटा मात्र कुणी वाढवत नाही. ती टेबलाशी उभी राहून फोन कानाला, नजर दारावर, हाताने तिसऱ्यालाच खूण करते ना, तेव्हा मला पडद्यावर ड्युटीवरची तूच दिसलीस. खोटं नाही सांगत.

आणि मग तिला मार बसतो. तासन् तास बाहेर ताटकळलेला एक पेशंट, ती थोडी मोकळ्या हवेत उभी असताना, येऊन तोंडावर ठोसा मारतो. नाक रक्ताळलेलं, डोळ्याखाली काळंनिळं, आणि ती तशीच परत आत कामाला. आई, तुला पेशंटच्या त्या नातेवाइकाने मारलं होतं ती रात्र मला आठवते. तू घरी आलीस तेव्हा गालावर बोटं उठलेली होती. बाबा म्हणाले, तक्रार कर. तू म्हणालीस, वरचे म्हणतात मिटवून टाका, त्या माणसाचं पोर गेलंय. दुसऱ्या दिवशी तू डबा भरून ड्युटीला गेलीस. आपल्या राज्यात डॉक्टर-नर्सवर हात उचलणाऱ्याविरुद्ध कायदा २०१० मध्ये आला, तुझ्या त्या रात्रीनंतर कितीतरी वर्षांनी. छकुलीला तो कायदा वाचायला लाव. तिने कधी “मिटवून टाका” ऐकून घेऊ नये.

डेना त्या दिवसाच्या शेवटी टेबलाजवळ लावलेले आपले फोटो उतरवून घेते. परत येईन की नाही माहीत नाही, अशा मनाने. लनासाला एमी मिळाला तो मला वाटतं त्या फोटोंमुळे. ओरडत नाही, भाषण करत नाही, एकेक फोटो उतरवते. ती खऱ्या इमर्जन्सीत नर्सेसबरोबर राहून हे शिकली. सगळ्याच नटांना आधी दोन आठवडे शिबिरात बसवून टाके घालायला, नळी टाकायला शिकवलं होतं. लेखकांमध्ये जो सॅक्स नावाचे इमर्जन्सीचे डॉक्टरच आहेत. जेसी नावाच्या नर्सचं काम करणारा नेड ब्रॉवर तर खऱ्या आयुष्यातही नर्स आहे. म्हणून हातमोजे घालण्यापासून सगळं बरोबर दिसतं. चुका काढायला बसलेल्या आमच्यासारख्यांनाही फारसं काही सापडत नाही.

बाकीच्या पुरस्कारांचं थोडक्यात सांगते. ‘अ‍ॅडोलसन्स’ नावाची ब्रिटिश मालिका आहे, चारच भाग, प्रत्येक भाग कुठेही न तोडता एका दमात चित्रित केलेला. त्यातल्या ओवेन कूपरला १५ व्या वर्षी एमी मिळाला, अभिनयाचा एमी मिळवणाऱ्या पुरुषांत सगळ्यात लहान. घरात मोबाइल घेऊन दार लावून बसणारं पोर असेल तर ती दादा-वहिनींनी जरूर बघावी. विनोदी मालिकांत ‘द स्टुडिओ’ने १३ पुरस्कारांचा विक्रम केला, पण माझं मन तिच्यात रमलं नाही. ट्रॅमेल टिलमन नावाचा नट आईला सोबत घेऊन आला होता. नाट्यमालिकेतल्या सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. त्याने सांगितलं, अभिनयाची माझी पहिली गुरू माझी आई, आणि ती फार कडक होती. तुझी आठवण येणारच ना!

एक गोष्ट मात्र मला खटकली. सूत्रसंचालकाने मुलांच्या एका संस्थेला एक लाख डॉलर देईन म्हणून जाहीर केलं, आणि जिंकलेला माणूस ४५ सेकंदांपेक्षा जास्त बोलला की दर सेकंदाला हजार डॉलर त्यातून वजा. पडद्यावर आकडा खाली जाताना दिसायचा. शेवटी वरून भर घालून संस्थेला साडेतीन लाख डॉलर मिळाले हे चांगलंच झालं, पण आयुष्यभर कष्ट करून एकदाच त्या व्यासपीठावर उभं राहिलेल्या माणसाला मुलांच्या पैशाची धास्ती घालून गप्प करू नये.

आता मुख्य गोष्ट. शेवटच्या काही भागांत संगीत महोत्सवात गोळीबार होतो आणि एकामागून एक जखमी येत राहतात. मनगटांवर रंगीत पट्ट्या, कोण आधी कोण नंतर हे त्यावरून ठरतं. एक डॉक्टर स्वतःचं रक्त काढून देता देताच पेशंट तपासतो. ते काम करणाऱ्या शॉन हॅटोसीलाही पाहुण्या कलाकाराचा एमी मिळाला. सुजलेल्या चेहऱ्याची डेना मधोमध उभी राहून कुणाला कुठे न्यायचं ते सांगत असते.

ते बघताना मला २७ ऑगस्ट २००३ आठवला. सिंहस्थाची पर्वणी, रामकुंडाकडच्या गर्दीत चेंगराचेंगरी, ३९ माणसं गेली. मी शाळेत होते. तू दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलीस. ओळख पटवायला आलेल्या नातेवाइकांना आत घेऊन जायचं काम तुझ्याकडे होतं, हे मला कितीतरी वर्षांनी मावशीकडून कळलं. तू कधीच बोलली नाहीस, आणि आम्हीही विचारलं नाही. त्या दिवशी तुमच्याकडे रंगीत पट्ट्या होत्या का? सलाइनच्या बाटल्या पुरल्या का? कुणी ठरवलं, कुणाला आधी घ्यायचं? तू ठरवलंस का?

मला हे खरंच जाणून घ्यायचंय. २०२७ मध्ये पुन्हा पर्वण्या आहेत, तोवर छकुली तिसऱ्या वर्षाला असेल आणि तिला ड्युटी लागेल. तुझ्याइतकं तिला कुणी सांगू शकणार नाही, पुस्तकात तर ते नाहीच.

दादाला म्हणावं, मालिका लावून दे, खाली इंग्रजी अक्षरं येतात तशी ठेव. छकुलीला शेजारी घेऊन बस, अडलं तर ती सांगेल. नववा भाग रात्री झोपायच्या आधी बघू नकोस, मार बसतो तो त्याच भागाच्या शेवटी. जानेवारीत पुढचा सीझन येतोय, त्यातही डेना आहे.

शुक्रवारी मला सुट्टी आहे. माझी संध्याकाळ म्हणजे तुमची शनिवारची सकाळ, तेव्हा फोन करते. गुडघ्याला तेल लावतेस ना? सर्वपित्रीच्या दिवशी बाबांचं पान वाढशील तेव्हा माझ्यातर्फेही नमस्कार कर. आणि फोनवर या वेळी मी जेवले का विचारू नकोस, जेवलेली असेन. वही-पेन घेऊन बसेन. तू २००३ चं पहिल्यापासून सांग, मी लिहून घेईन.

तुझी,
ताई