साहेबाचेही इंग्रजी चुकते

लीड्स, इंग्लंड

तीर्थरूप अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या आठवड्यात ऑफिसात माझी चांगलीच फजिती झाली. ‘उद्या रिव्हर्ट करतो’ असे मी एका सहकारिणीला ईमेलने कळवले, तर ती धावतच माझ्या टेबलाशी आली आणि कोणता बदल मागे घेणार, असे विचारू लागली. कारण आपल्याकडे सांगलीपासून पुण्यापर्यंत ज्याचा अर्थ ‘उत्तर देतो’ असा होतो, तो शब्द येथे पूर्वस्थितीला जाण्यासाठी वापरतात, आणि सॉफ्टवेअरमध्ये तर केलेले काम रद्द करण्यासाठी.

‘डिस्कस अबाउट’ म्हणणाऱ्याला तुम्ही वर्गात उभे करीत असा, त्याची आठवण झाली. ती चूक मराठीतून येते, कारण आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो आणि तो ‘विषयी’ इंग्रजीतही सोबत नेतो. ‘कझिन ब्रदर’ही तसाच, चुलतभावातला भाऊ आपल्याला सोडवत नाही. येथील लोकांच्या चुका मात्र कानातून येतात. ‘कुड हॅव्ह’ भरभर बोलताना ‘कुड ऑव्ह’ असे ऐकू येते आणि तसेच कागदावर उतरते. आपण स्पेलिंग घोकून शिकलो, म्हणून ही चूक आपल्या हातून सहसा होत नाही.

एन्व्हलपचा ‘ई’ तो वह्या-पेनांच्या स्टेशनरीचा आणि ‘ए’ असेल तर स्थिर, ही तुमची युक्ती मी चिमीला शिकवली, तेव्हा मुळात दोन शब्द इतके सारखे का, असे तिने विचारले. शोधल्यावर कळले की मध्ययुगात गावोगाव न फिरता एका जागी ठाण मांडून पुस्तके विकणाऱ्याला स्टेशनर म्हणत. म्हणजे गणपती पेठेतले आपले स्टेशनरीचे दुकानही मुळात ‘स्थिर’च!

ऑफिसच्या स्वयंपाकघरात ‘किल्ली हरवू नका’ अशी चिठ्ठी आहे, पण तीत एक ‘ओ’ जास्त पडल्याने ‘किल्ली मोकळी सोडू नका’ असे काहीसे झाले आहे. (आपले शिंपी ‘शर्ट लूज झाला’ म्हणतात तो उच्चार खरे तर हरवण्याचा, सैल या अर्थी साहेब शेवटी ‘स’ म्हणतो.) रोज चहा करताना तो ‘ओ’ खोडण्यासाठी हात शिवशिवतो, पण चिठ्ठी आमच्या साहेबांच्या हातची आहे. फोटो सोबत पाठवीत आहे. लाल शाईने तुम्हीच खोडा.

आईस नमस्कार.

आपला,
बाळू