तुझी गिटार इथे भेटली

बेकर्सफील्ड, कॅलिफोर्निया
रविवार रात्र

प्रिय मामा,
शि. सा. न.

फोनवर तू "बोल पटकन, बिल येईल" करतोस (व्हॉट्सअॅपला बिल येत नाही हे दहा वेळा सांगून झालं) म्हणून शेवटी लिहायलाच बसले. मन्याला सांगते, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल तुला.

विषय तुझ्या हवाईयन गिटारचा आहे. मागच्या शनिवारी ऑफिसमधले सगळे एका छोट्या बारमध्ये गेलो होतो, मी आपली सोडा घेऊन बसलेले, आणि कोपऱ्यातून एकदम तुझ्या माडीवरचा आवाज आला. तीच मींड, तसाच रडवेला सूर, फक्त गाणं इंग्लिश. बघते तर एक सत्तरीचे आजोबा टेबलासारख्या चार पायांच्या वाद्यापुढे स्टूलवर बसलेत, डाव्या हातात स्टीलचा रॉड, उजव्या हातात नख्या. पेडल स्टील म्हणतात त्याला. कार्यक्रम संपल्यावर मी जाऊन सांगितलं की माझा मामा मिरजेत असंच काहीतरी वाजवायचा, तर म्हातारा इतका खूश, मला स्टूलवरच बसवलं. मामा, त्याला दहा तारा असतात आणि खाली पेडल, गुडघ्यापाशी दांडे. तुझ्या गिटारवर रॉड सरकवला की सगळ्या तारा मिळून सरकतात ना, इथे रॉड जागच्या जागी ठेवायचा, पेडल दाबलं की एकच तार वर चढते आणि शेजारची तिथेच थांबते. म्हणजे दोन स्वर एकत्र वाजतायत आणि त्यातला एकच मींड घेऊन वर जातोय. तू असतास तर उठला नसतास त्या स्टूलवरून.

दोघांचं घराणं एकच आहे. हवाईमधे जोसेफ केकुकू नावाच्या पोराने १८८० च्या दशकात तारांवर लोखंड घासून हे सुरू केलं असं सांगतात, १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर इकडे सगळ्यांना त्याचं वेड लागलं. एक फांदी तिकडे मुंबई-कलकत्त्याला आली, व्हॅन शिपली, ब्रिजभूषण काब्रा, आणि शेवटी आमचा मामा! दुसरी इथल्या खेडवळ गाण्यात, म्हणजे कंट्रीत, शिरली आणि तिला पेडलं फुटली.

आणि हे गाव म्हणजे त्या गाण्याची पंढरीच निघालं. मला दोन वर्षं पत्ताच नाही, मी आपली बदामाच्या बागा आणि तेलाचे पंप बघत ऑफिसला जातेय. १९३० च्या दशकात ओक्लाहोमा-टेक्सासकडे दुष्काळ आणि धुळीची वादळं आली, शेतं गेली, माणसं भांडीकुंडी गाडीवर बांधून इथे कापूस वेचायला आली. पुढे मोठा कंट्री गायक झालेल्या मर्ल हॅगार्डच्या आईवडलांनी तर मालगाडीच्या डब्याचं घर केलं, तो १९३७ मध्ये जन्मला आणि त्याच डब्यात वाढला. तो डबा इथल्या म्युझियममध्ये ठेवलाय, मी बघून आले, आपल्या माजघराएवढा असेल नसेल. नॅशव्हिलवाले (कंट्रीच्या रेकॉर्डिंगचं मुख्य गाव ते) तेव्हा कंट्री गाण्याला व्हायोलिनं लावून गुळगुळीत करत होते, तर इथल्या दारूच्या गुत्त्यांमध्ये बक ओवेन्स आणि मंडळी टेलिकास्टर (इलेक्ट्रिक) गिटार, ड्रम्स आणि पेडल स्टील घेऊन खणखणीत वाजवत होती. नाचणाऱ्यांच्या गोंगाटात ऐकू जायला पाहिजे ना. पुढे कंट्री आणि रॉक मिसळून जे झालं त्याला कंट्री रॉक म्हणतात, आणि मला वाटतं की त्यातला अर्धा रॉक आधीच इथे तयार होता, नाव नव्हतं एवढंच. बक ओवेन्सचं एक हिट गाणं १९६५ मध्ये बीटल्सनीसुद्धा गायलंय.

नाव पुढे आलं ते लांब केसवाल्या पोरांमुळे. त्यात ग्रॅम पार्सन्स, फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या मोठ्या बागायतदाराचा नातू, हार्वर्डला गेला आणि एका सेमिस्टरमध्ये पळाला. १९६८ मध्ये तो बर्ड्स या बँडमध्ये शिरला. त्या बँडची १९६५ मध्ये दोन गाणी नंबर वन, एकदम फॉर्मातली पोरं, आणि याने त्यांना नॅशव्हिलला नेऊन कंट्री गायला लावलं. तिथे ग्रँड ओल ऑप्री म्हणून रेडिओवरचा जुना कार्यक्रम, कंट्रीवाल्यांचं देऊळच समज. १५ मार्च १९६८ ला हे तिथे उभे राहिले आणि पब्लिकने हुर्यो उडवली, हिप्पी आले म्हणून. वर या पठ्ठ्याने ठरलेलं हॅगार्डचं गाणं ऐनवेळी टाकून आजीसाठी म्हणून स्वतःचं गाणं गायलं, म्हणजे ऑप्रीवालेही भडकले. ऑगस्टमध्ये रेकॉर्ड आली, ती चार्टवर ७७ च्या वर गेलीच नाही. कंट्रीवाल्यांना ही पोरं नको आणि रॉकवाल्यांना म्हाताऱ्यांची गाणी नको. मला तुझीच आठवण आली, मी आणि मन्या रॉक लावायचो तेव्हा तू "बंद करा तो दंगा" म्हणून खालून ओरडायचास, आणि त्या दंग्यात तुझंच वाद्य वाजत असायचं कधीकधी!

रेकॉर्ड यायच्या आधीच पार्सन्स बँड सोडून गेला होता, नंतर त्याने आणि बर्ड्समधल्याच ख्रिस हिलमनने फ्लाइंग बरिटो ब्रदर्स काढला. त्यांचा पेडल स्टीलवाला स्नीकी पीट अॅनिमेशनमध्ये काम करणारा, तो स्टीलचा आवाज फझमधून (आवाज मुद्दाम खरखरीत करणारं यंत्र) फाडून काढायचा, गिटार की भोंगा कळत नाही. तुला अजिबात आवडणार नाही, मला जाम आवडला. पार्सन्स १९७३ मध्ये दारू आणि ड्रग्जपायी गेला, वय फक्त २६. स्वतः तो कंट्री रॉक हा शब्दच मानायचा नाही म्हणे.

पैसा मात्र ईगल्स या बँडनी केला. १९७१ मध्ये लॉस एंजेलिसला जमले, त्यांच्यातला बर्नी लेडन बरिटोंकडूनच आलेला. मन्या बाल्कनीत बसून ज्याचं वाटोळं करतो ते हॉटेल कॅलिफोर्निया त्यांचंच, पण ते येईपर्यंत लेडन गेला होता आणि कंट्रीही बरंचसं गेलं होतं. तू त्यावरून मत बनवू नकोस. टॉम ब्रम्ली ऐक, बक ओवेन्सकडे स्टील वाजवायचा आणि मग रिक नेल्सनच्या रॉक बँडमध्ये गेला. मन्याला लिंक पाठवलीय. कानाला हेडफोन लावून ऐक, टीव्ही बंद करून.

आता काम. माळ्यावरची केस उतरव आणि किती तारा शिल्लक आहेत त्याचा फोटो पाठव, आजोबा म्हणाले तारा मी देतो. डिसेंबरमध्ये येताना आणते. मामीसाठी इथले बदाम आणतेच आहे, फक्त तुझा रॉड तिच्याकडून आधी काढून घे, मागच्या वेळी ती त्यानेच वेलदोडे कुटत होती.

तुझी,
चिमी